गढूळ दिवस

कारखान्यात तिला सगळे कातरबाई म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं की तिला, पण ते पगाराच्या कागदापुरतं. कारखाना तयार कपड्यांचा, आणि तिथे कापायच्या मशीनवर उभी राहणारी ती एकटीच बाई. बाकीच्या बायका शिलाईवर, नाहीतर बटणांवर, नाहीतर शेवटी धागे तोडायला. मशीन म्हणजे म्हणे पुरुषांचा मान. कापड कापण्यात कसला आलाय मान, पण पुरुषांना तो कुठेही सापडतो.

काम मात्र खरंच नाजूक. लांबच लांब टेबल, त्यावर कापडाचे थर एकावर एक अंथरलेले, सगळ्यात वर कागदावरची आखणी. उभ्या पात्याचं मशीन त्या आखणीवरून ढकलत न्यायचं. डाव्या हातात लोखंडी जाळीचा हातमोजा घालून थर दाबून धरायचे, उजव्या हाताने मशीन वळवायचं. हात केसभर सरकला की वरपासून खालपर्यंत सगळ्या बाह्या वाया. नुसत्या बाह्या गेल्या तर नशीब म्हणायचं.

आधी तिथे एक मास्तर होता. ऐन गर्दीच्या दिवसांत मालकाशी वाजलं नि तो तरातरा निघून गेला. कातरबाई तेव्हा थर अंथरायच्या कामावर होती. वर्षानुवर्षं त्या पात्यासमोर उभी राहिलेली. मालक डोकं धरून बसला होता, तेव्हा हिने हातमोजा घातला आणि मशीन सुरू केलं. झालं. पण बाकीच्या कापणाऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं. म्हणाले, बाईचा हात तो, महिन्यातून एकदा तरी थरथरणारच. हे सांगणारा कोण, तर ज्याचा स्वतःचा अंगठा अर्धाच उरला होता तो. स्वतःचा अंगठा स्वतःच्या मशीनखाली घालणारा माणूस दुसऱ्याच्या हाताबद्दल शहाणपण शिकवत होता, आणि बाकीचे माना डोलवत होते.

हिचा हात काही थरथरला नाही. थरथरत होतं ते दुसरंच.

छातीचं दुखणं तिला जुनंच. वयात आली तेव्हापासून अधूनमधून काळीज एकदम धावत सुटायचं. जिना चढताना नाही, भांडताना नाही, उगीचच. आत्ता शांत बसलेली असावी, नि पुढच्या क्षणी कुणीतरी आतून दार बडवतंय असं वाटावं. गळ्यात ठोके, कानात ठोके, बोटांच्या टोकांत ठोके. घाम सुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग जसं आलं तसंच खटकन थांबायचं, जणू कुणी बटण बंद केलं. लेकीच्या वेळी पोटुशी होती तेव्हा तर ह्याने उच्छाद मांडला होता. सगळे म्हणाले, बाळ उड्या मारतंय. बाळ खाली, उड्या वर, पण हे कुणाच्या डोक्यात येईल तर शपथ.

आता चाळिशीकडे झुकली तसं ते दर महिन्याला यायला लागलं. आणि कधी यायचं, तर पाळीच्या आधी. पाळी सुरू झाली की बाई पुन्हा ठणठणीत. हे काही लपलेलं नव्हतं बरं का. हे तिला ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं, सासूला ठाऊक होतं, डॉक्टरला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच तर कुणी बघितलं नाही. पाळीचं आहे ना, मग काय बघायचंय. एखाद्या गोष्टीवर पाळीचं नाव लागलं की तिच्यावर चादर टाकून मोकळं व्हायचं, ही रीतच पडून गेलीये.

आता नवऱ्याचं सांगते. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट तपासायचं काम त्याच्याकडे. लोक त्याला पाठीमागे ठीकराव म्हणायचे, कारण त्याचं तपासणं एकाच शब्दावर संपायचं. लोकांची तक्रार असायची, लिफ्ट भरली की मध्येच अडकते, सकाळी कामावर जायच्या घाईत हटकून अडकते. हा जाणार सुट्टीच्या दिवशी, दुपारी, इमारत झोपलेली असताना. रिकाम्या लिफ्टमध्ये एकटा उभा राहून वर जाणार, खाली येणार, आणि म्हणणार, ठीक आहे. लोक म्हणायचे, अहो पण भरल्यावर अडकते. हा म्हणायचा, मग भरू नका. आणि वर घरी येऊन सांगायचा की लोकांना यंत्राची अक्कल नाही. सासूबाई ताटावर बसून हे सगळं ऐकायच्या. पोटचा पोरगा, काय बोलणार. पाण्याचा घोट घ्यायच्या.

असा हा ठीकराव बायकोच्या छातीचा मालक होऊन बसला होता. आणि त्याला जोडीदार मिळाला तोही तसाच.

कोपऱ्यावरचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात जाऊन बसलं की चारी भिंतींवरून डॉक्टरच आपल्याकडे बघायचा. डॉक्टर बक्षीस घेतोय, डॉक्टर बक्षीस देतोय, डॉक्टर कुणा मोठ्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. पेशंटला बसायला बाक एकच, आणि फोटोंना मात्र चारी भिंती. बोलायला गोड. इतका गोड की आपण काय सांगायला आलो होतो तेच माणूस विसरायचं.

पहिल्यांदा कातरबाई त्याच्याकडे गेली तेव्हा तिने सगळं नीट सांगितलं. पाळीच्या आधी होतं, काळीज पळतं, मग आपोआप थांबतं. डॉक्टर हसला. म्हणाला, अहो मग ईसीजी त्या दिवसांत काढूच नका. त्या दिवसांत बायकांच्या अंगात सगळीच उलथापालथ असते. रिपोर्ट गढूळ येतो. चांगल्या दिवशी या, म्हणजे स्वच्छ रिपोर्ट मिळेल.

हे ठीकरावला इतकं पटलं, इतकं पटलं, की तो दारात थांबून डॉक्टरशी हात मिळवून आला. रिकामी लिफ्ट तपासणाऱ्याला रिकामं काळीज तपासणारा भेटला होता. त्यानंतर दर खेपेला तसंच. हिची पाळी होऊन जायची, अंग हलकं व्हायचं, झोप पुरी व्हायची, मग सुट्टीच्या दिवशी हिने न्हाऊन इस्त्रीचे कपडे घालायचे आणि नवऱ्याबरोबर दवाखान्यात जायचं. ईसीजीच्या तारा लावायच्या, पट्टी निघायची, पट्टीवर रेघा कशा शाळेतल्या पोरांच्या कवायतीसारख्या. डॉक्टर ती पट्टी उजेडाकडे धरून म्हणायचा, वा. जणू त्यानेच काढलीय ती रेघ.

आणि ही सुद्धा, मला तिचाही राग येतो कधीकधी, आजार दाखवायला नटून जायची. घामेजल्या तोंडाने, विस्कटल्या केसांनी डॉक्टरपुढे जायची म्हणे लाज वाटते. बरं वाटलं की दाखवायला जायचं, आणि बरं वाटतंय हे ऐकून घरी यायचं. असं एकदा नाही, कितीतरी वेळा.

शेवटी डॉक्टरने ठरवलं की हे मनाचं आहे. कामाचा ताण, घराचा ताण, वय. त्याने मन शांत राहायची एक गोळी लिहून दिली. गोळीने काय झालं तर ती बसल्या जागी पेंगायला लागली. काळीज मात्र आपल्या वेळेला बरोब्बर पळत सुटायचं. उलट मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखं व्हायला लागलं, पोटात खड्डा पडल्यासारखं. ते सांगितलं तर डॉक्टर म्हणाला, बघा, किती बारीक लक्ष देता तुम्ही स्वतःकडे, हाच तर आजार.

मग व्हायचं ते झालं. एका दुपारी ती मशीनवर होती. शर्टांचा मोठा लॉट, थर चांगले उंच. बाहीच्या वळणावर पातं असताना आत धडाड सुरू झालं. तिने बटणावरचं बोट उचललं, ती शहाणीच, पण पातं थांबेपर्यंत मशीन रेघेबाहेर सरकून गेलं. ती तिथेच टेबलाला धरून खाली बसली. सुपरवायझर आला. आधी कापडाकडे बघितलं, वाकून थर मोजल्यासारखं केलं, मग हिच्याकडे बघितलं. त्या क्रमानेच.

अर्ध्या अंगठ्यावाला लांबून म्हणाला, मी म्हणालो होतो.

सुपरवायझर काही वाईट माणूस नव्हता असं लोक म्हणतात. वाईट व्हायलासुद्धा थोडा कणा लागतो. त्याने सांगितलं, डॉक्टरचा कागद आणा की तुम्हाला काहीही झालेलं नाही. नाहीतर पुढच्या महिन्यापासून धाग्यांवर बसा.

धाग्यांचं टेबल म्हणजे काय ते समजून घ्या. कारखान्याच्या मागच्या अंगाला, खिडकीही धड नाही, तिथे जिचे डोळे गेले, जिचे हात गेले, जिचा उपयोग संपला, तिला बसवायचे. शिवून झालेल्या कपड्याचे लोंबणारे धागे छोट्या कात्रीने तोडायचे. तिथून परत कुणी पुढे आलेलं नव्हतं. कातरबाईला पगार कमी होईल याचं नव्हतं तेवढं वाटत. तिला हातमोजा सोडायचा नव्हता. आयुष्यात एकच गोष्ट तिने कुणाला न विचारता स्वतः उचलून घेतली होती, आणि तीच ते काढून घेणार होते.

ठीकरावला यात काही अडचणच दिसेना. म्हणाला, डॉक्टर देतील की कागद. आणि खरंच, डॉक्टरने बसल्या बैठकीत कागद लिहिला. हृदय उत्तम, स्वभाव घाबरट, चिंतेचा विकार. खाली मोठी सही, वर शिक्का. कातरबाई थोडंफार वाचायची. तिने तो कागद वाचला आणि तिच्या लक्षात आलं की हा कागद म्हणजे तिला धाग्यांवर ढकलायचाच हुकूम आहे. घाबरट बाईच्या हातात पातं कोण देणार.

तेव्हा पहिल्यांदा तिने तोंड उघडलं.

"डॉक्टर, मला त्रास होतो त्या दिवशी का नाही बघत तुम्ही?"

"त्या दिवशी हार्मोन वरखाली असतात, बाई."

"मग तेच बघा ना. त्रासही तेव्हाच वरखाली असतो."

डॉक्टरने ठीकरावकडे बघितलं, पुरुष पुरुषाकडे बघतो तसं. म्हणाला, तुम्ही समजवा यांना. ठीकरावने वाटेत समजावलं. की तपासणी नेहमी यंत्र मोकळं असताना करायची असते. की त्याने आयुष्य घालवलंय यात. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, हा माणूस मूर्ख आहे. आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं. कारण मूर्ख माणसाचं ऐकायचं बंधन नसतं.

कागद तिने दिला नाही. सुपरवायझरला सांगितलं, पुढच्या महिन्यात देते. त्याने मान हलवली. धाग्यांवर एक जागा रिकामी करून ठेवली होतीच त्याने.

आणि ती वाट बघत बसली. ज्या दिवसांना आयुष्यभर घाबरली, त्यांचीच वाट. छातीत काही नाही म्हटल्यावर तिला काळजी वाटायची, येतंय की नाही आता. घरी कुणाला बोलली नाही. फक्त सासूबाईंनी एकदा तिला छातीवर हात ठेवून बसलेली बघितलं आणि विचारलं, आलं का गं? ही म्हणाली, नाही अजून. सासूबाई म्हणाल्या, माझंही व्हायचं. पाळी जायच्या वर्षांत तर जीव नकोसा केला होता. तुझ्या सासऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, भांडी घासायचा कंटाळा. मग नाही सांगितलं कुणाला. एवढं बोलून त्या उठल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, तू सांग बाई.

ते आलं सकाळच्या शिफ्टला, मशीन सुरू करायच्या आधीच. थर दाबत होती आणि धडधड सुरू झाली. यावेळी ती खाली बसली नाही. हातमोजा काढून टेबलावर ठेवला, आणि तशीच, अंगावर कामाचा डगला, केसांत कापडाचा भुसा, कपाळावर घाम, बाहेर पडली. सुपरवायझर मागून हाक मारत होता. तिने ऐकलं नाही असं नाही, ऐकून सोडून दिलं. मोठं हॉस्पिटल दोन रस्ते सोडून होतं. वाटेत दोनदा भिंतीला टेकली. एका बाईने विचारलं, बरं नाही का वाटत? ही म्हणाली, नाही, आणि तेच दाखवायला चाललेय.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. सुपरवायझरने त्याला कळवलं होतं. हा तिकडून ओरडतोय, अगं आज नको, आज तुझे ते दिवस आहेत, रिपोर्ट खराब येईल. बायको रस्त्यात धापा टाकतेय आणि ह्याला रिपोर्टची अब्रू पडलेली. तिने फोन खिशात टाकला. बंदही नाही केला. तो खिशात बोलत राहिला.

हॉस्पिटलात दारातच एका नर्सने तिची नाडी धरली आणि पुढचं काही विचारलंच नाही. सरळ खाटेवर. तारा लावल्या, पट्टी निघायला लागली. ही मान वळवून बघत होती. कवायतीतली पोरं कुठली आणि काय, रेघा अशा एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, जशी बाजार सुटल्यावर माणसं पळतात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नर्सला वाटलं घाबरली. घाबरली नव्हती ती. इतकी वर्षं ती जे सांगत होती ते कागदावर उमटत होतं.

हृदयाची डॉक्टरीण आली. बुटकी, केस पांढरे, आवाज खरखरीत, गोड बोलणं ठाऊकच नसलेली. आधी तिने हिला इंजेक्शनच्या रिकाम्या नळीत जोरात फुंकायला लावलं आणि पटकन आडवं करून पाय वर उचलले, असं केलं की कधीकधी काळीज आपोआप ताळ्यावर येतं म्हणे. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग हाताच्या शिरेतून औषध दिलं. क्षणभर कातरबाईला वाटलं, आपण संपलो. आतलं सगळं एकदम थांबलं, जसं चालता चालता जिन्याची पायरीच नाहीशी व्हावी. आणि मग एक ठोका. मग दुसरा. सावकाश, शहाण्यासारखे.

डॉक्टरीण खाटेच्या कडेवर बसली आणि तिने सगळं विचारलं. कधी होतं, बाळंतपणात काय झालं, गोळ्या कुठल्या. कोपऱ्यावरचा डॉक्टर काय म्हणाला तेही.

"गढूळ म्हणाला? चोरी होते अमावस्येला आणि हा पहारा देतो पौर्णिमेला."

मग तिने समजावलं, आणि ते असं की कुणालाही समजावं. हृदयात वीज एका वाटेने जाते आणि ठोका पडतो. काही जणांना जन्मापासून एक जास्तीची चोरवाट असते. पुरुषांनाही असते, पण या जातीची बायकांना जास्त. वीज त्या वाटेने फिरून परत आली की गोल गोल फिरत राहते, नि काळीज पळत सुटतं. वाट महिनाभर तिथेच असते. पण बाईच्या रक्तात दोन हार्मोन महिनाभर चढत उतरत असतात, एक इस्ट्रोजेन आणि दुसरं प्रोजेस्टेरॉन. पाळी जवळ आली की त्यांचा तोल बदलतो, नसा टवकारलेल्या असतात, आणि वीज त्या चोरवाटेला सहज लागते. पोटुशी असताना तर दोन्हींचा पूरच असतो, म्हणून तेव्हा जास्त. पाळी जायच्या वर्षांतही हाच घोळ, नंतर काहींचं शमतं, काहींचं दुसरंच काही सुरू होतं. हे मनाचं नाही. मन बिचारं उगाच शिव्या खात होतं.

आणि गोळीचं तिने वेगळं सांगितलं. बाईचं हृदय एक ठोका मारला की पुढच्यासाठी तयार व्हायला पुरुषाच्या हृदयापेक्षा जरा जास्त वेळ घेतं. तेही या हार्मोनांचंच काम. पुरुषांचं हार्मोन तो वेळ आखूड करतं. काही गोळ्या तो वेळ आणखी लांबवतात, आणि फार लांबला तर ठोक्यांचा असा काही गोंधळ होतो की माणूस जागेवर कोसळतं. मन शांत करायची तुमची गोळी त्यातलीच, ती आजपासून बंद. ती म्हणाली, देण्याआधी त्याने पट्टीवर तो वेळ मोजून बघायला हवा होता, दिल्यावर परत. पट्टी तर तो दर खेपेला काढतच होता. उजेडाकडे धरून बघत होता, मोजत नव्हता.

एवढ्यात ठीकराव येऊन पोचला. कामाच्या कपड्यांत, हातात पाना. डॉक्टरणीला सांगायला लागला की आज मुळात तपासणीचा दिवसच नव्हता. डॉक्टरणीने ती पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून बघितली. यंत्रावरच्या पडद्यावर आता ठोके नीट पडत होते, तिकडे बोट करून तो म्हणाला,

"पण आता तर ठीक आहे ना?"

नर्स तोंड फिरवून हसली. कातरबाई हसली नाही. तिने डोळे मिटून घेतले, कारण कुणाकुणाकडे बघणंही फुकट जातं.

इलाज होता. मांडीच्या शिरेतून तार वर हृदयापर्यंत न्यायची, ती चोरवाट शोधायची आणि डाग देऊन बंद करायची. डॉक्टरणीने दिवस ठरवला तो याच पाळीच्या तोंडावरचा, दोन दिवसांनंतरचा. मुद्दाम. म्हणाली, त्याच दिवसांत ती वाट पटकन सापडते, मग शोधत बसावं लागत नाही. घरी हे ऐकून ठीकरावने कपाळाला हात लावला. त्या दिवसांत साधी तपासणी करू नये आणि ही बाई हृदयात तार घालणार. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे धावला, तोही म्हणाला, जपून, जपून, घाई नको. दोघांनी मिळून तिला अडवायचं ठरवलं. पुढच्या महिन्यात चांगल्या दिवसांत करू, असं.

पण पुढच्या महिन्यात ती धाग्यांवर असणार होती. सुपरवायझरने दिलेली मुदत तेवढीच. सासूबाई ताटावर होत्या. त्यांनी घास खाली ठेवला आणि पोराला म्हणाल्या,

"तू गप्प बस. तुझा बापही असाच शहाणा होता."

आणि सुनेबरोबर हॉस्पिटलात त्याच गेल्या. बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून राहिल्या. ठीकराव सुट्टी मिळाली नाही म्हणून नाही आला. सुट्टीच्या दिवशी लिफ्ट तपासायला मात्र त्याला कायम सवड.

आत कातरबाई जागीच होती. डॉक्टरणीने तारेने हृदयाला जरासं डिवचलं, आणि ते लगेच पळत सुटलं, अगदी बोलावल्यासारखं. डॉक्टरीण म्हणाली, सापडलं. मग छातीत आत कुठेतरी ऊब लागल्यासारखं झालं, आणि ठोके आपल्या चालीवर आले. पुन्हा डिवचलं, काही नाही. आणखी डिवचलं, काही नाही.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरला कळलं तेव्हा तो काय म्हणाला माहितीये? म्हणाला, मी पहिल्यापासून सांगत होतो, हे पाळीशी संबंधित आहे. आणि वर भिंतीवर लावायला डॉक्टरणीबरोबर फोटो मिळेल का, असं ठीकरावकडे विचारून बघितलं. ठीकराव तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटला की आम्ही वेळेत दुरुस्त करून घेतलं. आम्ही.

कातरबाई कामावर गेली ती डॉक्टरणीचा कागद घेऊन. अमुक त्रास होता, डाग देऊन वाट बंद केली आहे, कोणतंही काम करायला हरकत नाही. सुपरवायझरने तो वाचला, पाठीमागची कोरी बाजूसुद्धा वाचली. म्हणाला, हृदय जाळून घेतलेली बाई पात्यावर, उद्या काही झालं तर? ही म्हणाली, अंगठा गेलेला माणूस पात्यावर आहेच की, त्याला विचारलंत का कधी? तो पलीकडे ऐकत होता. त्याने खाली मान घालून कापड सारखं करायला घेतलं.

महिना सरत आला तसे सगळे बघायला लागले. पाळी जवळ आली हे त्या कारखान्यात हवेवरून कळायचं की काय कोण जाणे, पण सगळ्यांना ठाऊक. सुपरवायझर मुद्दाम सगळ्यात उंच लॉट घेऊन आला, जाड कापडाचा, वळणावळणांचा. आणि स्वतः टेबलाशी येऊन उभा राहिला, हात मागे बांधून, कधी हात थरथरतोय ते बघायला. शिलाईवरच्या दोघीतिघींनी मशीनं हळू केली. अर्ध्या अंगठ्यावाला आपलं काम सोडून बघत होता.

कातरबाईने हातमोजा घातला. थर दाबले. आत काळीज आपलं एकेक पाऊल टाकत चाललं होतं, ना पळत, ना अडखळत. तिने मशीन सुरू केलं, पातं आखणीतल्या गळ्याच्या वळणापाशी आणलं, आणि मग वर न बघताच म्हणाली,

"जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

सुपरवायझर बाजूला झाला.